पहिल्या नंबरची चांदणी

"वापरतात सगळे, बोलत मात्र कुणी नाही," माडीचा जिना उतरता उतरता सूनबाई म्हणाली, आणि चहाचा रिकामा कप तिने मास्तरांच्या कापायच्या फळीवर ठेवला.

मास्तर तोंडात टाचण्या धरून एका कोटाच्या बाहीशी झुंजत होते. तोंडात टाचण्या असल्या की शिंप्याला फक्त ऐकता येतं, आणि ऐकणं हा तर मास्तरांचा मूळ स्वभाव. चांगलं निरूपण कानावर पडावं म्हणून हा माणूस तरुणपणी कोसभर चालत जायचा आणि परत आल्यावर सगळं जसंच्या तसं बायकोला सांगायचा, अगदी बुवांच्या खोकल्यासकट. त्यांनी टाचण्या एकेक करून उशीत खोचल्या आणि विचारलं, "कोण बोलत नाही?"

"माझं प्लगइन वापरणारे."

प्लगइन म्हणजे काय हे सुनेने त्यांना समजावून दिलं होतं आणि मास्तरांनी ते आपल्या मापाने शिवून घेतलं होतं. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते माप घेता घेता सांगत, "वेबसाइट म्हणजे कोट. कोट ज्याचा त्याचा. आमची सूनबाई त्याला खिसा लावून देते. कोट उसवायचा नाही, शिवण दिसायची नाही. हवा त्यानं ठेवावा, नको त्यानं काढावा." हा खिसा म्हणजे पानाच्या कोपऱ्यात बसणारं एक गोल बटण होतं. ते दाबलं की पानावर जे काही लिहिलं असेल ते स्वच्छ आवाजात वाचून दाखवलं जायचं.

बटणाचा जन्मही याच घरातला. देवाच्या चार ओळी वाचल्याशिवाय सुईत दोरा ओवायचा नाही, हा मास्तरांचा नेम. डोळे अधू झाले तेव्हा ओळीही हलायला लागल्या आणि सुईचं भोकही. "दोऱ्याचं आई बघतील, ओळींचं मी बघते," असं म्हणून सूनबाई नोकरी सोडून माडीवर जाऊन बसली ती बटण घेऊनच खाली आली. पुढे तिने ते प्लगइनच्या बाजारात ठेवलं. ज्याला हवं तो तिथून उचलून आपल्या वेबसाइटवर लावू लागला, आणि मास्तरांच्या लेखी जगातली सगळी अधू डोळ्यांची माणसं त्यांच्या सुनेच्या बोटाला धरून चालू लागली.

"नाही बोलले तर काय बिघडतं?" मास्तर म्हणाले. "गिऱ्हाईक गप्प, म्हणजे कपडा बसला असं समजायचं."

"इथे तसं चालत नाही, बाबा. ग्रंथालयांच्या संघाला त्यांच्या सगळ्या वेबसाइटवर असं बटण लावायचंय. माझं, नाहीतर दुसऱ्या एका कंपनीचं. तिथल्या मुख्य ग्रंथपालबाई म्हणाल्या, वापरणाऱ्यांची मतं वाचू आणि सोमवारी ठरवू. त्या कंपनीकडे मतांचा ढीग आहे. माझ्याकडे चार-दोन." तिचा आवाज खाली आला. "हे नाही झालं तर मी ती मोठ्या शहरातली नोकरी धरते. नुसतं बटण घेऊन किती दिवस बसायचं?"

मास्तरांनी उगाचच कात्री उचलून ठेवली. मुलगा जहाजावर, वर्षातून एकदा पाहुण्यासारखा येणारा. सूनही गेली तर या घरात बोलायला उरणार शिलाईचं मशीन, आणि तेही फक्त पाय हलवला तर.

"मग सांगू की लोकांना मतं द्यायला. आपली माणसं काय थोडी आहेत?"

"नाही हं बाबा. ओळखीपाळखीनं उगाच कौतुक लिहून घ्यायचं, ते मला चालायचं नाही. ज्यानं खरंच वापरलं त्यानं, खरंच वाटलं तेच लिहावं."

"अगदी बरोबर," मास्तर म्हणाले. खोट्याला ते आपल्या उंबऱ्याबाहेर चपलांशेजारी उभं करत. "पण खरंच वापरलं असेल तर?"

"तर कुणीही चालेल," असं म्हणून ती बॅग भरायला गेली. ग्रंथपालबाईंना बटण दाखवायला तिला परगावी जायचं होतं. परत यायची होती शनिवारी.

सूनबाई कोपऱ्यावरून वळली न वळली तोच मास्तरांनी बायकोकडे फोन मागितला. रोज वापरणारा पहिला माणूस आपणच, तेव्हा सुरुवात घरातून करण्यात काही खोटं नव्हतं. मास्तरीणबाईंनी चष्मा लावून बाजाराचं पान काढलं. बटणाच्या नावाखाली पाच पोकळ चांदण्या ओळीने बसल्या होत्या आणि त्यांच्याखाली लिहायला चौकट होती.

मास्तरांनी विचार केला. मास्तरांचा विचार नेहमी मापात असतो. शाळेत हुशार कोण, तर एक नंबरवाला. शर्यतीत जिंकला कोण, तर तोही एक नंबरवाला. झकास काही दिसलं की माणसाच्या तोंडून काय निघतं? 'एकच नंबर.' 'वाहवा, काय पाच नंबर आहे' असं आजवर कुणी म्हटल्याचं त्यांनी ऐकलं नव्हतं. त्यांनी पहिल्या चांदणीवर बोट टेकवलं. ती सोन्यासारखी पिवळी झाली, बाकीच्या चार तशाच पोकळ राहिल्या.

"बघ," ते समाधानाने म्हणाले. "आपली लागली आणि बाकीच्या आपोआप विझल्या."

"अहो, पण पाचही पिवळ्या केल्या तर भरल्यासारखं दिसेल."

"दिसायला ती काय झालर आहे? आपल्या हातानं सुनेला पाचव्या नंबरावर बसवायचं?"

"मला आपलं वाटलं," मास्तरीणबाई म्हणाल्या. हे वाक्य त्या लग्न झाल्यापासून म्हणत आल्या होत्या. प्रत्येक वेळी त्यांना वाटलं तेच पुढे खरं ठरलं होतं, पण मास्तरांनी ते कधी मनावर घेतलं नव्हतं.

"आता मी सांगतो, तू लिही. हे बटण मी रोज सकाळी वापरतो. आवाज असा, की समोर बसून कुणी मायेनं सांगतंय. एक खोट आहे. 'ण'चा 'न' करतं. 'प्राण'ला 'प्रान' म्हणतं. देवाच्या ओळीत ते खटकतं. बाकी एकच नंबर."

"घरच्या पोरीची खोट कशाला लिहायची?"

"खरंच वाटलं तेच लिहायचं, असं पोरीनंच सांगितलंय."

दुसऱ्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक म्हणून निवृत्त पोस्टमन आले. नोकरी सुटल्यापासून चालणं बंद झालं होतं आणि त्यामुळे विजारीचं माप दर सहा महिन्यांनी बदलत होतं. मास्तरांनी त्यांच्या पोटाभोवती टेप गुंडाळली आणि हातात फोन दिला. दुकानाचीही एक वेबसाइट होती, अर्थात सुनेने केलेली. तिच्यावर दुकानाच्या वेळा होत्या आणि मास्तरांच्या वडिलांनी पहिलं मशीन कसं घेतलं त्याची हकिगत होती. पोस्टमननी बटण दाबून ती हकिगत शेवटपर्यंत ऐकली, आणि ऐकताना त्यांचं पोटसुद्धा हललं नाही.

"वा. मास्तर, हे झकास आहे."

"मनापासून?"

"मनापासून म्हणजे काय, हे बघा," असं म्हणून पोस्टमननी आपल्या फोनवर बाजाराचं पान काढून पटकन पाचव्या चांदणीवर बोट मारलं. पाचही पिवळ्याधमक झाल्या.

मास्तरांच्या हातातली टेप सुटली. "काय केलंत हे? पाचवा नंबर दिलात?"

"पाचवा? नाही हो, मला वाटतं तिथे..."

"जन्मभर लोकांची पत्रं बरोबर दारात टाकलीत, आणि माझ्या सुनेचंच तेवढं शेजाऱ्याकडे टाकता?"

हे मात्र पोस्टमनना लागलं. नोकरीत एक पत्र चुकलं नाही, हा त्यांचा अभिमान. त्यांनी मुकाट्याने पाचाचा एक केला आणि खाली लिहिलं, 'माझा चष्मा घरी राहिला होता. राहू दे तिथेच.' संध्याकाळी त्यांच्या पत्नीही येऊन बटण ऐकून गेल्या. त्यांनी लिहिलं, 'आमचे हे पेपर वाचून दाखवताना मध्ये मध्ये स्वतःचं घालतात. हे घालत नाही.' चांदणी एक.

मग बँड आला. गावातल्या बँडला नवे गणवेश शिवायचे होते आणि त्या आठवड्यात वाजवणारे सगळे अंगात घालून बघायला येणार होते. मास्तरांनी दारातच जाहीर केलं, "आधी ते बटण, मग कोटाचं बटण." एकेकाला खुर्चीत बसवून त्यांनी ती हकिगत ऐकवली. मत काय द्यायचं ते कुणाला सांगितलं नाही, तो ज्याच्या त्याच्या मनाचा प्रश्न. "आवडलं का?" एवढंच विचारलं. "एकच नंबर," असं उत्तर आलं की मास्तर म्हणायचे, "मग पहिली दाबा." एखाद्याचं बोट चुकून उजवीकडे सरकलं तर ते नव्या कापडावरची माशी हाकलावी तसं ते हळूच डावीकडे आणायचे. ट्रम्पेटवाल्याने लिहिलं, 'श्वास कुठे घ्यायचा ते ह्याला कळतं. आमच्यातल्या काहींना कळत नाही.' ड्रमवाल्याने लिहिलं, 'मला हल्ली फार ऐकू येत नाही. हे आलं.'

फक्त बँडमास्तर तेवढे राहिले होते. ते शनिवारी येणार होते.

शुक्रवारी अंथरुणावर पडताना मास्तर बायकोला म्हणाले, "झोपेत मला हसू आलं तर उठवू नकोस."

शनिवारी सूनबाई आली ती खुशीतच. "बाई भल्या आहेत. बटण आवडलं म्हणाल्या, आता मतं तेवढी वाचायची आहेत," असं सांगत ती माडीवर गेली. मास्तर खाली जिन्याकडे कान लावून उभे राहिले. वरून आनंदाचा आवाज येईल या बेताने त्यांनी चेहराही तयार ठेवला होता. आवाज आला नाही. थोड्या वेळाने सूनबाईच आली, आणि तिचा चेहरा कापडावर रेघा मारायच्या खडूसारखा झाला होता.

"बाबा, कुणीतरी डाव साधला. मी नव्हते तेवढ्यात एकगठ्ठा वाईट मतं टाकलीत. एकजात सगळी तळातली. मला तर ती वाचवतही नाहीत."

मास्तर उसळले. "कोण तो? त्या कंपनीतलाच असणार. नाव सांग, आत्ता बँड घेऊन जातो."

"नाव कुठलं कळतंय. बाजारवाल्यांनाही संशय आलाय. चौकशी होईपर्यंत मतं गोठवलीत. नवीन पडायचं नाही, जुनं बदलायचं नाही."

"पण चार चांगलीही आली असतील की."

"मी गेल्यापासून एकही नाही."

मास्तर चक्रावले. अख्खा बँड कुठे गेला? पोस्टमन नवरा-बायको कुठे गेली? मास्तरीणबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "अहो, मला आपलं वाटतं..."

"आत्ता नको गं."

"मी त्या नोकरीवाल्यांना होकार कळवून टाकते," सूनबाई म्हणाली आणि पाय ओढत वर गेली.

तेवढ्यात बँडमास्तर आले. नवा कोट घालून ते आरशासमोर छाती काढून उभे राहिले आणि मास्तर तोंडात टाचण्या धरून त्यांच्या खांद्यावर चांदणी लावू लागले. हात कामात होते, पण मन माडीवर होतं. त्यांनी एक चांदणी मधोमध टाचली आणि मागे सरकले.

"हे काय मास्तर? एकच?"

"तुम्ही मुख्य ना," मास्तर टाचण्यांच्या फटीतून म्हणाले. "एक नंबर."

"अहो, एक त्या झांजवाल्याला. परवाच आलाय तो. मला पाच. जितका माणूस मोठा तितक्या चांदण्या जास्त. एक म्हणजे अगदीच तळातला."

तळातला. मास्तरांच्या तोंडात टाचण्या होत्या म्हणून बरं, नाहीतर जीवच बाहेर पडला असता. त्यांनी त्या एकेक करून काढल्या. मग विचारलं, "सगळीकडे असंच असतं?"

"जगभर."

"फोनवरसुद्धा?"

"फोनवर काय वेगळं जग आहे? बाकी ते तुमच्या सुनेचं बटण फार छान आहे म्हणे, आमची मंडळी सांगत होती. मीही मत देऊन टाकतो, आणा."

"नको," मास्तर म्हणाले. "एवढा उपकार करा. तुम्ही तरी देऊ नका."

बँडमास्तरांना एका खांद्यावर चांदणी आणि एका खांद्यावर खडू अशा अवस्थेत आरशासमोर सोडून मास्तर जिना चढले. गुडघे कुरकुरत होते, पण त्या दिवशी त्यांची कुरकुर कुणी ऐकायची? सूनबाई संगणकासमोर होकाराचं उत्तर लिहीत बसली होती.

"सूनबाई, तो डाव साधणारा सापडला."

"कोण?"

"खालीच बसतो. कपडे शिवतो."

ती बघतच राहिली. मास्तरांनी सगळं सांगितलं. चांदणीपासून झांजवाल्यापर्यंत, एक टाका न वगळता. शेवटी म्हणाले, "तुला पहिली आणायला गेलो पोरी, आणि आपल्याच हातानं उलटी शिवण घातली."

सूनबाईने लिहिता हात थांबवला. मग तिने विचारलं, "ते सगळे खरंच ऐकून गेले, बाबा? मनापासून?"

"एकेकाला खुर्चीत बसवून ऐकवलं. खोटं एक अक्षर नाही."

"मला वाचायचा धीर होत नाही."

"मग वाचतेस कशाला?" मास्तर म्हणाले, आणि त्यांनी पडद्याच्या कोपऱ्यातलं बटण दाबलं. तिच्या संगणकावर ते कुठल्याही पानावर चालायचं.

बटण बोलू लागलं. "एक स्टार. माझा चष्मा घरी राहिला होता. राहू दे तिथेच. एक स्टार. आमचे हे पेपर वाचून दाखवताना मध्ये मध्ये स्वतःचं घालतात." प्रत्येक मताआधी ते 'एक स्टार' हे ध्रुवपदासारखं घोळवत होतं. ट्रम्पेटवाला झाला, ड्रमवाला झाला. सूनबाईच्या ओठाचा कोपरा आधी हलला, मग खांदे हलायला लागले. ती हसतेय की रडतेय ते मास्तरांना कळेना. दोन्ही होतं. त्यांनी गळ्यातली टेप पुढे केली, तिने त्या टेपलाच डोळे पुसले. सगळ्यात शेवटी मास्तरांचं स्वतःचं मत आलं. त्याच स्वच्छ, मायेच्या आवाजात बटण म्हणालं, "एक खोट आहे. नचा न करतं. प्रानला प्रान म्हनतं."

सूनबाई हसायची थांबली. "हे तुम्ही मला कधीच का नाही सांगितलंत?"

"तू केलेलं होतं ना. मी रोज मनातल्या मनात दुरुस्त करून ऐकत होतो."

होकाराचं उत्तर अर्धवटच राहिलं. सूनबाई 'ण'च्या मागे लागली. रविवारभर माडीवरून 'प्राण', 'बाण', 'पाणी', 'लोणी' असा घोष चालू होता आणि खाली मास्तर मशीनच्या पायपट्टीवर ताल धरत होते.

सोमवारी दुपारी ग्रंथपालबाईंचा फोन आला. सूनबाईने तो सगळ्यांना ऐकू येईल असा करून कापायच्या फळीवर ठेवला. मास्तरांनी मशीन थांबवलं.

"मी मतं वाचते ना, ती कायम तळापासून," बाई म्हणाल्या. "पाच स्टारवाली मतं बहुतेक मामा-मावश्यांची असतात. बूट कुठे चावतो, ते एक स्टारवालाच सांगतो. तुमच्याकडे तळ फारच मोठा निघाला."

"हो," सूनबाई अपराध्यासारखी म्हणाली.

"सगळा वाचला. तक्रार शोधून शोधून दमले. अख्ख्या ढिगात एक सापडली, ती 'ण'ची."

"ती काल दुरुस्त केली."

"आज सकाळी ऐकलं मी. म्हणून तर फोन केला. त्या कंपनीला हाच 'ण' मी किती दिवस सांगतेय. ते म्हणतात, फरक कुणाला कळतो? तुमच्याकडे निदान एकाला तरी कळतो. बटण तुमचंच घेऊ."

मास्तरांनी वर छताकडे बघून हात जोडले. मास्तरीणबाईंनी पदर तोंडाला लावला.

"आणि हो," बाई पुढे म्हणाल्या, "चौकशी संपलेली दिसते, मतं पुन्हा खुली झालीत. मीही माझं टाकलं. तुमच्याकडे उत्तमाला एकच द्यायची पद्धत दिसली, म्हणून एकच दिला. बरोबर ना?"

सूनबाईने तोंड उघडलं. मास्तरांनी घाईघाईने हाताने खूण केली, असू दे, असू दे.

"अगदी बरोबर," सूनबाई म्हणाली.

ग्रंथालयांच्या वेबसाइटवर बटण सुरू झालं त्या दिवशी संघाच्या सभागृहात छोटासा समारंभ होता. बँडच्या गणवेशातून एक चांदणी उरली होती. मास्तरांनी ती सुनेच्या नव्या कोटाला, वरच्या खिशावर शिवली होती. व्यासपीठावर शेजारी बसलेल्या गृहस्थांनी ती निरखून विचारलं, "एकच? हा तर सगळ्यात खालचा हुद्दा असतो."

"आमच्या घरात वरचा," सूनबाई म्हणाली.

मग ग्रंथपालबाईंनी जाहीर केलं, की हे बटण ज्यांच्यासाठी घडलं आणि ज्यांनी त्याची एकुलती एक खोट दाखवली, ते मास्तर इथे हजर आहेत, त्यांनी उभं राहावं. मास्तर उभे राहिले. टाळ्या वाजल्या. सुनेकडे बघता बघता मास्तरांची छाती अशी भरून आली, अशी भरून आली, की कोटाचं मधलं बटण तटकन तुटलं आणि घरंगळत थेट व्यासपीठाच्या पायरीशी जाऊन थांबलं.

टाळ्या ओसरल्यावर मास्तरीणबाईंनी ते उचलून आणलं आणि त्यांच्या तळहातावर ठेवलं.

"तुम्हीच लावलं होतं ना हे?"

"हो."

"मग ह्या शिलाईला चांदण्या किती?"

मास्तरांनी इकडे तिकडे बघितलं. जवळपास कुणी ऐकत नव्हतं.

"पाच," ते हळूच म्हणाले. "पण आपल्या घरच्या हिशेबानं."